चिंचेची पाच पानं

हजीरा भागात, तानसेनाच्या समाधीपाशी एक उंच परदेशी टाचा उंचावून चिंचेच्या फांदीला हात लावायला बघत होता… आणि चौकीदार त्याच्यावर खेकसत होता.

"जाने दीजिए भैया, मेहमान हैं," म्हणत यशश्रीनं खाली पडलेली पाच पानं उचलून त्याच्या तळहातावर ठेवली. "चबाइए. गवैये यही खाते हैं, गला खुलता है."

त्यानं मूठ ओठांशी नेली, मान वर केली — आणि तिनं त्याला ओळखलं. जवाद! एक शब्द कळत नसताना ज्याची प्रेमगीतं तिला पाठ होती, तो बैरूतचा जवाद! एकोणिसाव्या वर्षी लोकांनी डोक्यावर घेतलेला, मग गाण्यांच्या कंपनीशी भांडून तीन वर्षं स्टेजला मुकलेला. लग्न मोडलं. गेल्या वर्षी तर भर कार्यक्रमात आवाजच बसला. ऑपरेशननंतर आज संध्याकाळी, फूलबागेत, तो पहिल्यांदा गाणार होता.

त्यानं फोनवर काहीतरी टाइप केलं. फोन बाईच्या आवाजात हिंदी बोलला, "गाने तक बोलना मना है।"

"और हँसना?" तिनं फोनकडे वाकून विचारलं.

"वो भी मना है। पर आपके सामने… रोकना मुश्किल है।"

यशश्री कानापर्यंत लाल झाली. निघताना त्यानं पास दिला, नाव विचारलं. मग ते नाव ओठांनीच, आवाज न करता, म्हणून पाहिलं.

घरी हे ऐकून बाबा, म्हणजे गाणं शिकवण्यात जन्म घालवलेले मुकुंदराव, ताडकन उठलेच. "ऑपरेशनच्या गळ्याला आंबट? गाण्याच्या दिवशी? दिमाग जागेवर आहे ना तुझं, यशू?"

"पण बाबा, सगळेच तर खातात…"

"सगळ्यांचे गळे चिरलेत का?"

यशश्रीनं फोन उचलला आणि परत ठेवला. कळवणार तरी कसं? नंबरही नव्हता.

संध्याकाळी वाद्यं सुरू झाली. सुरुवातीची धून एकदा वाजली, दोनदा वाजली… जवाद उभाच. लोक कुजबुजू लागले. माझ्यामुळे… माझ्यामुळेच! यशश्रीनं ओढणीचा पिळा केला.

त्याची नजर गर्दीत फिरली, तिच्यावर थांबली. माइकमधून घोगरा, इवलासा आवाज आला —

"यशश्री…"

आवाज आहे! तो स्वतःच दचकला, हसला आणि गाऊ लागला. पूर्वीपेक्षा खालच्या पट्टीत, थोडं खरखरीत, पण शेवटपर्यंत.

कार्यक्रमानंतर ती धावतच स्टेजमागे गेली. "वो पत्ते… खट्टे थे… माफ़ कीजिए —"

त्यानं खिशातून पाचही पानं काढली. पार सुकलेली. फोन म्हणाला, "खट्टा भी मना था। पर आपने दिए थे… फेंके नहीं गए।"

मग फोन खिशात टाकून त्यानं पुन्हा तिचं नाव घेतलं. या वेळी माइक नव्हता.