दुसरी शिट्टी

"माझ्या मुलीला लबाड ठरवलंय," म्हणत अनुराधा चिटणीस सोफ्यावर बसली.

स्मिता पागनीसने तिच्यापुढे पाणी ठेवलं. दुबईच्या विमा कंपनीत खोटे क्लेम पकडण्यात उमेदीची वर्षं घालवून स्मिता आता करामातल्या फ्लॅटमधून लोकांची खाजगी कोडी सोडवत असे. भल्याभल्यांना घाम फोडणाऱ्या या बाईला गाडीचं लायसन्स मात्र या देशाने अजून दिलं नव्हतं. म्हणून वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर दत्तप्रसाद तिचे सारथी झाले होते. ती त्यांना मदतनीस म्हणे, ते स्वतःला भागीदार म्हणवत.

अनुराधाची मुलगी ईशानी बारावीत होती आणि पियानो वाजवायची. ऑस्ट्रियातल्या एका संगीत विद्यालयाच्या शिष्यवृत्तीसाठी तिने घरी वाजवलेल्या हायडन या अठराव्या शतकातल्या संगीतकाराच्या सोनाटाचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. अट एकच, वाजवणं एका दमात हवं, कापाकापी चालणार नाही. आता तिकडून मेल आला होता की रेकॉर्डिंगमध्ये जोडाजोड आहे. सोमवारपर्यंत समाधानकारक खुलासा आला नाही तर नाव कायमचं बाद.

"धड जेवत नाहीये हो स्मिताताई. त्या शाळेशिवाय दुसरं स्वप्न नाही पोरीला."

स्मिताने फाइल लावली. "दत्तप्रसाद, या सोनाटाचा पहिला हिस्सा दोनदा वाजवायचा असतो. त्या काळची रीतच ती. आता ऐका."

स्वच्छ, नेटका पियानो. मधेच दूरवर कुकरची शिट्टी.

"शेजारच्यांचा कुकर," अनुराधा ओशाळून म्हणाली.

हिस्सा संपला, पुन्हा सुरू झाला. पुन्हा शिट्टी.

"डाळीला एका शिट्टीने काय होतंय?" दत्तप्रसाद अनुभवाने म्हणाले.

"पण दोन्ही वेळा त्याच सुरावर? तेवढीच लांब?"

 पहिला हिस्साच उचलून दुसऱ्याच्या जागी चिकटवला होता, हे दत्तप्रसादांनाही कळलं.

शनिवार होता, तरी अल नहदाला पोचेपर्यंत ट्रॅफिकने दत्तप्रसादांचा अंत पाहिला. दार ईशानीनेच उघडलं. डोळे सुजलेले.

"I played it straight through, आंटी. आणि ते दुसऱ्यांदाचं माझं नाहीच. I don't play the repeat like that."

"मग पाठवायच्या आधी ऐकलं नाहीस?"

"I can't listen to myself. पण मला माहीत होतं, दॅट वॉज माय बेस्ट."

रेकॉर्डिंग मागच्या शनिवारी सकाळी झालं होतं. फाइल हॉलमधल्या लॅपटॉपवर होती, पासवर्ड नव्हता. रविवारी रात्री ईशानीचा मोठा भाऊ शार्दूल याने फॉर्म भरून ती पाठवली.

"मी फक्त अपलोड केलं," शार्दूल फणकारला. "एडिटिंग घरात कोणाला येत नाही? मम्मी रील्स करते, पप्पांनी मंडळाच्या गणपतीचा व्हिडिओ केला. आणि मी केलं असतं ना, तर आधी ती शिट्टी साफ केली असती. I do sound for weddings!"

पियानो शिकवणाऱ्या जुलेखा मॅडमही धीर द्यायला आल्या होत्या. रविवारी सकाळी त्या लॅपटॉपपाशी एकट्याच बसल्या होत्या. शिवाय त्यांचा दुसरा विद्यार्थी रेयांश याच शिष्यवृत्तीच्या मागे होता. दत्तप्रसादांनी भुवया उंचावून स्मिताकडे पाहिलं. त्यांच्यापुरतं कोडं सुटलं होतं.

"हां, रेयांश भी मेरा ही स्टुडंट है. तो?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "उस दिन मैंने शुरू का थोडासा सुना, फिर क्लास थी, निकल गयी. सुनिये, हायडन और मोझार्ट के जमाने में जो दोहराते वक्त वही का वही बजाता, उसे लोग अनाडी समझते थे. दूसरी बार सजावट अपनी होनी चाहिये. मैं कागज पर लिखने भी नहीं देती. सोमवार से गुरुवार हम यही तो करते हैं."

ईशानीचे वडील सुजीत स्वयंपाकघरात चहा टाकत होते. ते दूर अबुधाबीपलीकडे, रुवैसच्या रिफायनरीत होते. शुक्रवारी संध्याकाळी घरी, रविवारी दुपारी परत. दत्तप्रसाद पाणी प्यायला आत गेले तेव्हा ते सोनाटाची तीच धून गुणगुणत होते. एकदा सरळ, मग तीच छान गिरक्या घेत. गृहस्थ रसिक दिसतो, असं दत्तप्रसादांना वाटलं.

"पानं उलटायला मीच असतो," सुजीत अभिमानाने सांगू लागले. "त्या दिवशीही होतो. तिच्यासाठी नोटेशन वाचायला शिकलो. आमची ईशानी छापल्याबरहुकूम वाजवते बघा. हे जुने लोक म्हणजे प्लँटचं ड्रॉइंग, एक रेघ जास्तीची नाही."

बाहेर येऊन दत्तप्रसादांनी हे सगळं, गिरक्यांसकट, स्मिताला सांगितलं आणि वर म्हणाले, "खलास! जुलेखा मॅडमच."

स्मिता बराच वेळ पियानोवरचं छापील पान पाहत बसली. मग तिने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं.

"ज्याला ईशानीचं वाईट करायचं होतं, त्याने तिच्या वाजवण्यात चूक घुसवली असती. इथे कुणीतरी पहिला, बिनचूक हिस्सा घेऊन जपून बसवलाय. म्हणजे त्याला चुका पुसायच्या होत्या. शार्दूल सराईत आहे, त्याने शिट्टी ठेवली नसती. आणि मॅडमनी ती सजावट शिकवली. अनुराधाताई आणि शार्दूल ती आठवडाभर ऐकतात. या तिघांना ती चूक वाटणारच नाही. चूक कुणाला वाटेल? ज्याच्यासमोर फक्त हे पान आहे. आणि पानावर दुसऱ्या खेपेसाठी काय छापलंय? दोन ठिपके. म्हणजे 'पुन्हा वाजवा'. बस."



"सुजीतराव, ती छापल्याबरहुकूम वाजवते म्हणालात. मग मघाशी स्वयंपाकघरात गिरक्या कुठल्या घेत होता? पाठवलेल्या फाइलमध्ये तर त्या नाहीत."

सुजीतनी हातातला कप खाली ठेवला.

"पानावर माझ्या बोटाखाली एक आणि ती भलतंच वाजवत होती," ते हळूच म्हणाले. "वाटलं, गोंधळली. पण संपल्यावर इतकी खुश होती की सांगायचा धीर झाला नाही. म्हटलं, गुपचूप दुरुस्त करावं. ती अट मी वाचलीच नव्हती. मेल आल्यावर बोलायला हवं होतं. पण बोललो असतो तर तिला कळलं असतं, की ती चुकली होती."

"आणि मूळ फाइल?"

सुजीतनी खिशातून मोबाइल काढला. "पुसवली नाही. प्लँटच्या बसमध्ये रोज ऐकतो. खरं सांगू? चुकलेलंच जास्त आवडतं मला."

ईशानी उठली. राग, रडू, सगळं एकदम तिच्या तोंडावर आलं. मग ती वडिलांपाशी खाली बसली.

"Papa, those weren't mistakes. That was me."

 बाप असून आपण आपल्या मुलीला आठवड्यातले दोनच दिवस ओळखतो, हे सुजीतना त्या क्षणी लख्ख दिसलं. जुलेखा मॅडम चष्मा पुसू लागल्या. दत्तप्रसादांनी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

मूळ फाइल आणि सुजीतचा कबुलीजबाब त्याच संध्याकाळी गेला. सोमवारी उत्तर आलं: नाव कायम, मात्र उद्या एकदा व्हिडिओवर समोर वाजवून दाखवा.

सुजीत रजा घेऊन थांबले. मंगळवारी पहिला हिस्सा संपला तेव्हा पुन्हा सुरुवातीला जायला त्यांनी पान मागे उलटायचं होतं. पण ईशानीने काही तिसऱ्याच गिरक्या सुरू केल्या होत्या, कुणीच न ऐकलेल्या. सुजीत तिच्या हातांकडे पाहत राहिले. पान तसंच राहिलं.