सुधाररेषेवरचे वळण

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी दोनच्या सुमारास, दारका होलोवाती आपल्या आत्याला आणि भोपळ्याच्या सहा पाई घेऊन महामार्ग आठशे एकोणीसवरून निघाली, तेव्हा आभाळ इतके निळे होते की त्यात शंकेला जागाच नव्हती. झेलेन्का गावच्या सभागृहात सुगीचे जेवण पाचला सुरू होणार होते. सहाला, टर्की आणि कोबीच्या गुंडाळ्या पोटात गेल्या की, दारकाने या रस्त्याचा इतिहास वाचून दाखवायचा होता. रस्त्याला यंदा पंचाण्णव वर्षे झाली होती.

चौतीस वर्षे भूगोल शिकवलेल्या बाईला इतिहास लिहायला सांगितला, की ती जे करील तेच दारकाने केले होते: ऐकीव ते सगळे गाळले. उरले ते बारा पानांत मावले. पाणथळी चुकवत गेलेल्या बैलगाड्यांची चाकोरी. मग दर उन्हाळ्यात दोन दिवस आपापले घोडे जुंपून माती ओढणारे शेतकरी. मग भराव, खडी आणि शेवटी डांबर. रस्ता सरळ उत्तरेला चाळीस मैल, झेलेन्कापर्यंत जातो. वळण एकच, चोविसाव्या मैलावर. मोजणीदारांनी प्रेअरीवर चौकटी आखल्या, पण उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात. म्हणून दर चोवीस मैलांनी चौकट बाजूला सरकवावी लागते आणि रस्ताही तिच्याबरोबर डावीकडे सरकतो. त्या जागेला सुधाररेषा म्हणतात. पृथ्वी गोल आहे, हे या सपाट मुलखात फक्त तिथेच कळते, असे दारका वर्गात सांगत असे.

“सहाव्या पानावरचं ते वाक्य काढलंस का?” आत्याने विचारले. युस्तीना आत्या शहाऐंशी वर्षांची होती. दोन पाई तिच्या मांडीवर होत्या, चार मागच्या आसनावर. प्रत्येक थाळीच्या काठावर चिकटपट्टी लावून तिने निळ्या शाईने ‘होलोवाती’ लिहिले होते. सुगीच्या जेवणात थाळ्यांची अदलाबदल होते आणि आत्याला दुसऱ्याची थाळी घरी आलेली खपत नसे.

“नाही काढलं.”

“मग माझी पाईही खाऊ नकोस.”

ते वाक्य असे होते: ‘जानेवारी १९६१मध्ये बर्फाच्या वादळात ग्रेडरचालक मेत्रो पिधिर्नी यांना सुधाररेषेवरचे वळण न दिसल्याने ते शेतात गेले व इंधन संपून गोठून मरण पावले.’ सरकारी नोंदीत तसेच होते. मेत्रो ग्रेडरच्या रुंद लोखंडी पात्याने या रस्त्यावरचा बर्फ सारत असे आणि खडी सपाट करत असे. त्या वर्षी ईस्टरनंतर त्याचे आणि युस्तीनाचे लग्न ठरले होते.

“ते वळण त्यानंच बांधलं गं,” आत्या म्हणाली. “जुना काटकोन काढून गोलाई त्यानं दिली. त्याला ते दिसायची गरजच काय? आणि कडेचा चर ओलांडताना यंत्र केवढं हादरतं. तरी पुढे पाव मैल गेला, तोही पातं खाली टेकवून. चुकलेला माणूस पातं टेकवतो होय? तो कुणासाठी तरी वाट काढत होता.”

“कुणासाठी? त्या दिवशी रस्त्यावर दुसरं कुणीच नव्हतं. तशी नोंद आहे.”

“नोंद करणारा तिथे होता वाटतं.”

 उद्या सकाळी आत्या कायमची शहरातल्या वृद्धाश्रमात जाणार होती. मेत्रोबद्दल गावाने शेवटचे काय ऐकले, ते तिच्या कानांवर आजच पडणार होते. दारकाला हे कळत होते. पण कळवळा हा पुरावा नव्हे.

पुरावा म्हणून तिच्या फायलीत एक छायाचित्र होते. शेतात उभे असलेले यंत्र, जमिनीला टेकलेले पाते, आणि चालकाच्या दाराखालच्या पायरीवर एक वाटोळा पांढरट ठिपका. ‘ठिपका: छपाईतला दोष’ असे तिने समासात लिहून ठेवले होते.

समोरून एक धान्याचा ट्रक आला. चालकाने सुकाणूवरचे एक बोट उचलले, दारकानेही उचलले. या रस्त्यावर कुणी कुणाला असे बोट केल्याशिवाय पुढे जात नाही.

“ओळखतेस त्याला?” आत्याने विचारले.

“नाही.”

“बघ. मेत्रो म्हणायचा, बोट नाही उचललं तर समजावं की माणूस अडचणीत आहे. मग मागे वळून बघून यावं.”

“आणि नुसताच उद्धट असला तर?”

“तर त्याला तसं सांगून यावं.”

दोघी हसल्या. गाडीत दालचिनीचा वास भरला होता. विसाव्या मैलावर आत्याने बारीक आवाजात लग्नातले जुने गाणे धरले. बाविसाव्यावर तिने ते सोडले, कारण उत्तरेकडचे आभाळ दिसेनासे झाले होते.

या मुलखात बर्फ वरून पडत नाही, आडवा येतो. आधी वाऱ्याने गाडीला खांद्याने ढकलले. मग रस्त्याच्या कडा गेल्या, मग रस्ता गेला, मग गाडीचे नाकही गेले. सगळीकडे एकच पांढरेपण होते, आणि त्याला ना जवळ ना दूर. दारकाने दोन्ही हातांनी सुकाणू घट्ट धरले.

त्या पांढऱ्यात समोरून एक पिवळा दिवा आला. चांगला उंचावर होता, आणि संथ. त्याच्याबरोबर लोखंड जमिनीवर खरवडल्याचा आवाज आला, आणि बंद काचांमधूनही डिझेलचा जुना, तेलकट वास. दिवा शेजारून गेला.

आत्याने मांडीवरचे बोट उचलले होते.

“लाइल असणार,” दारका म्हणाली. लाइल सोरेनसन हल्ली या रस्त्यावरचा बर्फ काढत असे. “बरं झालं, वेळेवर निघाला.”

“तू बोट नाही उचललंस.”

“हात मोकळा नव्हता, आत्या.”

“आता तो वळून येईल...”

दारका उत्तर देणार होती. तेवढ्यात गाडी एकदम खाली गेली, आदळली आणि पुन्हा वर आली. मागे थाळ्या खणखणल्या. चाकांखाली डांबराऐवजी कापलेल्या गव्हाचे खुंट करकरू लागले. मऊ शेतात थांबले की रुतले, हे तिला लहानपणापासून ठाऊक होते, म्हणून तिने गाडी तशीच पुढे रेटली. अखेरीस चाके जागच्या जागी फिरू लागली. चोवीस मैल तिने बिनचूक मोजले होते आणि वळण मात्र तिला दिसले नव्हते.

फोन लागत नव्हता. मागच्या खिडकीवर बर्फाची पांढरी रेघ वर वर चढत होती.

“इंजिन बंद कर,” आत्या शांतपणे म्हणाली. “धुराचं नळकांडं बुजलं तर आतच गुदमरू.”

तिने बंद केले. वारा तेवढा उरला. दारकाने आपला कोट आत्याच्या गुडघ्यांवर घातला.  

मग ते खरवडणे पुन्हा ऐकू आले. या वेळी मागून. पिवळा दिवा गाडीला वळसा घालून गेला, परत आला, डावीकडे लांब गेला, पुन्हा आला आणि अगदी आत्याच्या काचेला लागून थांबला. बर्फातून पिवळ्या पत्र्याची एक पायरी दिसत होती. त्यावरचे काही नाही.

आत्याने काच खाली केली आणि मांडीवरची एक पाई त्या पायरीवर ठेवली.

“आत्या, लाइलला द्यायचीच तर सभागृहात दे ना. ताटात.”

“याला आत्ता भूक लागली असेल,” आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज इतका तरुण होता की दारकाने चमकून तिच्याकडे पाहिले. आत्याचे गाल तांबूस झाले होते. “चल आता. वाट केलीय त्यानं.”

खरेच केली होती. गाडीपासून डावीकडे काळ्या मातीचा, एका पात्याइतका रुंद पट्टा निघाला होता. दारकाने इंजिन चालू केले आणि त्यावरून हळूहळू नेले. चर बुजवून सारखा केला होता. चाकांना डांबर लागले. पिवळा दिवा मागेच राहिला. वारा जरा ओसरला तेव्हा त्याचे इंजिन दोनदा खोकले आणि थांबले...

आत्या मान वळवून पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ती हसत होती.

सत्ताविसाव्या मैलावर ऊन पडले होते.

झेलेन्काच्या सभागृहात दोनशे माणसे, चार टर्की आणि एक बेसूर अकॉर्डियन होते. दारात लाइल सोरेनसन एप्रन बांधून मांस कापत होता.

“तू इथे?” दारका म्हणाली. “मग ग्रेडर कोण चालवतंय?”

“ग्रेडर? त्याचं पातं मी शुक्रवारी उतरवून ठेवलंय, बाई. अजून ऑक्टोबर आहे.” त्याने थाळ्या मोजल्या. “आत्या, पाचच? दरसाल सहा असतात. हात आखडला का?”

“सहावी तुझ्यापेक्षा चांगल्या चालकाला दिली,” आत्या म्हणाली, आणि भोवतालचे सगळे हसले.

सहाला दारका फाईल घेऊन उभी राहिली. पहिली पाच पाने तिने वाचली. घोड्यांच्या जोड्यांची नावे आली तेव्हा नातवंडांनी टाळ्या वाजवल्या. सहाव्या पानावर येताना छायाचित्र वर आले, आणि तिने, सवयीनेच, वाचायचे भिंग त्यावर धरले.

पायरीवरचा ठिपका दोष नव्हता. ती थाळी होती. तिच्या काठाला एक पट्टी होती आणि पट्टीवर आत्याच्या हाताची अक्षरे होती. तिने छायाचित्र उलटले: १९ जानेवारी १९६१. पुन्हा सुलटे केले. अक्षरे तीच होती.

सभागृह थांबले होते. दारकाने पेन काढले, एक वाक्य खोडले आणि त्या जागी पुरावा जेवढे सांगत होता तेवढेच, नेहमीच्या स्पष्ट आवाजात वाचले: “मेत्रो पिधिर्नी यांना वळण पुरते माहीत होते. रस्ता सोडून गेलेल्या कुणासाठी तरी वाट करायला ते शेतात उतरले. ती वाट उत्तम झाली होती.”

चमच्यांनी टेबले वाजू लागली. जुनी माणसे उठून उभी राहिली. लाइल सर्वांत जोरात वाजवत होता. “पण कुणासाठी?” त्याने ओरडून विचारले. दारकाने ऐकले नाही असे दाखवले.

ती येऊन आत्याशेजारी बसली. आत्याने छायाचित्र मागितले नाही. तिने फक्त कानाशी वाकून विचारले, “खाल्ली का त्यानं?”

दारकाने टेबलाखाली भिंग पुन्हा धरले. “एक फोड कापलेली दिसतेय.”

“एकच?” आत्या जरा हिरमुसली. “साखर कमी पडली. मला वाटलंच होतं.” मग तिने दारकाचा हात थोपटला. “उद्या शहरात जाताना तू बोट उचल. म्हणजे बिचाऱ्याला शेतात उतरावं लागणार नाही.”

रात्र झेलेन्कात काढून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या शहराकडे निघाल्या, तेव्हा रस्ता कोरडा होता आणि बर्फाचा मागमूस नव्हता. चौदा मैल समोरून कुणीच आले नाही. सुधाररेषेच्या अलीकडे, भर उन्हात, रिकाम्या डांबरावरून डिझेलचा वास आला, आणि दोघींनी एकाच वेळी बोट उचलले.

आत्याला शहरात सोडून परतताना दारकाने गाडी कडेला घेतली आणि फाईल उघडली. छायाचित्राच्या पाकिटावर तिच्याच हस्ताक्षरात ‘शेतातला ग्रेडर, जानेवारी १९६१’ अशी नोंद होती. पाकिटात मात्र कोऱ्या बर्फाचे, रिकाम्या शेताचे चित्र होते: ना यंत्र, ना थाळी.