ओस्रेदोकची सुईण

सप्टेंबर आला की आमच्या क्रातोवो गावात अंगणाअंगणांत लाल मिरच्या भाजायला लागतात, आणि तो वास थेट आमच्या कचेरीत येतो. कचेरी म्हणजे बेकरीच्या माडीवरच्या दोन खोल्या. तिथून मी आणि माझा मावसभाऊ गोर्यान गावच्या बातम्यांचं पोर्टल चालवतो. तो मालक, मी लेखक. आधी मी शाळेत भूगोल शिकवायचे. शाळेत मुलंच उरली नाहीत तेव्हा इकडे आले. पाणी कधी बंद राहणार, कोण वारलं, कुठल्या पुलाची डागडुजी निघाली, असल्या आमच्या बातम्या. वाचक दिवसाला चारशे.

"ताई, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल असं काहीतरी लिही की," गोर्यान एकदा म्हणाला. "खरं नसलं तरी चालेल. कुणाचं वाईट थोडंच करतोय आपण?"

दुपारच्या एका तासात मी ते लिहून टाकलं. ओस्रेदोक नावाचं गाव वर डोंगरात ओस पडलंय, तिथला शेवटचा माणूस वीस वर्षांपूर्वी खाली उतरला, एवढं खरं. त्या गावात मी एक सुईण बसवली. स्तामेना गेलेवा, वय एकोणनव्वद. नाव असंच सुचलं, आडनाव समोरच्या चपलांच्या दुकानाच्या पाटीवरून घेतलं. तिनं हजारावर बाळंतपणं केली, एकही मूल दगावू दिलं नाही, आणि आता ती एकटीच चुलीपाशी बसून असते, कुणी बोलवायला येईल म्हणून. चेहरा संगणकाकडून काढून घेतला. कानांवरून हनुवटीखाली बांधलेला काळा रुमाल, बारीक डोळे. जगात कुणाचाच नसलेला चेहरा.

संध्याकाळपर्यंत नऊ हजार वाचक. दुसऱ्या दिवशी सकाळी एक लाख दहा हजार!

गोर्यान हातात खालच्या बेकरीतल्या गरम, चीज भरलेल्या ब्युरेकचा पुडा घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत ओरडत आला. "ताई, मेलबर्नहून वाचतायत! स्वीडनहून!" आकडा पडद्यावर डोळ्यांदेखत फिरत होता. आम्ही लहान मुलांसारखे टाळ्या पिटत होतो. तेलकट बोटांनी मी पान पुन्हापुन्हा ताजं करत राहिले. उभ्या जन्मात माझं कुणी एवढं वाचलं नव्हतं.

मग खाली लोकांचं लिहिणं सुरू झालं. 'मला हिनंच जगात आणलं.' 'माझ्या तिन्ही बहिणींना हिनंच काढलं.' मी हसले. माणसाला कुठेतरी आपलं नाव जोडायचं असतं. पण तिसऱ्या दिवशी श्टिप शहरातल्या एका ट्रकवाल्यानं लिहिलं की स्तामेना आजीच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे. कळा सोसेनात तेव्हा कुण्या बाळंतिणीनं ओढली होती. स्वीडनमधल्या एका नर्सनं अगदी तेच लिहिलं. तिचं लिहिणं दुसऱ्याच पानावर होतं, आणि त्याच्या आधी सहा मिनिटं. कानाबद्दल मी चकार शब्द लिहिला नव्हता. चित्रात कान रुमालाखाली होते.

वेळा मी वहीत टिपून ठेवल्या. लोक एकमेकांचं वाचून आठवतात, असं स्वतःला बजावलं. पण दोघांनी कुणाचं वाचलं असेल, ते सापडलं नाही.

चौथ्या दिवशी गाव पेटलंच. मिठाईवाल्यानं काचेत तिचं चित्र लावलं. पुलावर माणसं एकमेकांना थांबवून विचारत होती, "तूही स्तामेनाचाच का रे?" आणि अनोळखी माणसं गळ्यात पडत होती. आमच्या गावात एरवी गर्दी जमते ती अंत्ययात्रेला. आता जत्राच भरली होती. रविवारी सगळे ओस्रेदोकला जाणार, बँड नेणार, राजधानीहून, स्कोप्येहून टीव्हीवाले येणार. मीही दोघातिघांच्या गळ्यात पडले. ही आपलीच करणी, हे मला माहीत असून.

घरी आई अंगणात स्टुलावर बसून भाजलेल्या मिरच्या सोलत होती.

"बरं झालं लिहिलंस तिच्यावर," ती म्हणाली. "मीच म्हणणार होते."

"आई, ती बाई मी रचलीय."

"काय रचलंयस?"

"अख्खी बाई. नाव, चेहरा, सगळं."

आई हसली. "मग तुला काय आभाळातून टाकलं?"

"कुमानोवोच्या दवाखान्यात झाले मी. तूच सांगतेस दर वाढदिवसाला. बर्फ पडत होता, काका जीप चालवत होता."

"जीप बर्फात रुतली ना. मग ओस्रेदोकला नेलं मला." हातातली मिरची तिनं हळूच परातीत ठेवली. "तिचा कान मीच ओढला गं. रक्त मानेवर आलं, तरी ती बाई हूं का चूं करेना. अजून लाज वाटते बघ."

आई कधी खोटं बोलत नाही. थट्टाही तिला जमत नाही.

सकाळी मी तडक कचेरीत गेले. "गोर्यान, खरं काय ते आजच छापायचं."

"आता? डोकं फिरलंय का ताई? लोक जोड्यानं मारतील." मग तो जरा ओशाळून म्हणाला, "आणि मी पहाटेच पुढची बातमी टाकलीय."

मी वाचली. 'स्तामेना आजीनं आज पहाटे आणखी एका मुलीला जगात आणलं. आई आणि बाळ सुखरूप.'

"कुणाची मुलगी?"

"कुणाचीच नाही गं. आईचं नाव घातलंच नाही मी. रविवारपर्यंत हवा टिकायला नको?"

चाळीस हजार लोकांनी अभिनंदन केलं होतं. त्याचे डोळे चमकत होते. खोटं कशाला सांगू, आकडा पाहून माझेही चमकले.

पण पुरावा हवा होता. जन्मनोंदीच्या वह्यांत सुइणीचं नाव असतं. तिथे ती नसली की मी वहीचं ते पान छापणार होते आणि विषय संपवणार होते.

नोंदणी कचेरीत दारापर्यंत रांग होती. जो तो आपला जन्म बघायला आलेला. कुणी वहीवर बोट ठेवून आनंदानं ओरडत होतं, कुणी रडत होतं. खिडकीमागे रोसांदा होती, शाळेत माझ्या एक वर्ष पुढे असलेली. मला पाहताच तिनं रांग बाजूला सारली.

"सरका हो! हिला उभं करता का?"

मी वर्ष सांगितलं. तिनं वही काढली. फेब्रुवारी. माझं नाव, आईचं नाव, फिकट झालेली निळी शाई.

जन्मस्थान: ओस्रेदोक. सुईण: स्तामेना गेलेवा.

अक्षरं मी बोटानं घासली. कागद जुना होता. शाईसुद्धा जुनी.

"हे नाव मी चार दिवसांपूर्वी रचलंय," मी म्हणाले.

"तू आज धावत आलीस कशाला, तेच कळत नाही मला," रोसांदा म्हणाली. "पडून राहायचंस घरी. मी स्वतः आले असते की कागद घेऊन."

"कसले कागद?"

तिनं या वर्षीची वही माझ्यासमोर फिरवली. शेवटची ओळ.

आजची तारीख. ओस्रेदोक. मुलगी. तीन किलो शंभर.

सुईण: स्तामेना गेलेवा.

आई: दाफिना स्पिरोव्स्का.

ते माझं नाव आहे. माझं लग्न झालेलं नाही. मूल तर नाहीच.

मागे रांगेत कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं. मग टाळ्या सुरू झाल्या. बायका पुढे येऊन माझे गाल धरून मुके घेऊ लागल्या. सगळे हसत होते.

रोसांदानं पेन उघडलं. "नाव काय ठेवलंस गं?"

नाही म्हणायला मी खिडकीशी वाकले. तेव्हा जाणवलं, माझा सदरा छातीपाशी ओला झाला होता. ओल कोमट होती आणि पसरत होती.