बुधूच्या वाटणीची हवा

लोखंडी नळीवर खालून ठोका पडला आणि रुखमा ओरडली, "जिता हाये! माहा नवरा जिता हाये!"

चोपन्न सालची गोष्ट. वर्धा नदीकाठच्या एका कोळसा खाणीत त्या सकाळी शेजारच्या जुन्या, बंद खाणीचं पाणी शिरलं. बाकीचे जीव घेऊन पळाले. दोघे अडकले, चढावरच्या दोन वेगळ्या बोगद्यांत. पैकी सर्व्हेअर गुणवंतरावांच्या बोगद्यातलं पाणी पंपांनी उतरवलं आणि दुपारी त्यांना बाहेर काढलं. पलीकडे रुखमेचा नवरा, खाणकामगार बुधू, अजून कोंडलेला होता. खाली पाणी, वर दगड. प्रत्येक बोगद्यात जमिनीवरून एक लोखंडी नळी उतरवलेली होती, वरचं तोंड झाकणानं आवळलेलं. तीच ठोकून तो जिवंत असल्याचं कळवत होता.

दोन खाणींमधली कोळशाची भिंत कोणी पोखरली, हे शोधायला फौजदार रामाजी भोयर आले होते. त्या भिंतीला हात लावायची कायद्यानं बंदी. काल तिथं कोण होतं हे सांगू शकणारा एकच माणूस होता, बुधू.

गुणवंतराव ओल्या सदऱ्यावर घोंगडी पांघरून बसले होते. कोट पाण्यानं नेला म्हणाले. भला माणूस, स्वतःचं सोडून त्यांना सारखा बुधूचाच घोर! झाकण उघडा, त्याला हवा मिळू द्या, म्हणून पंपवाल्या बिरजूच्या हात धुऊन मागे लागले होते. शेवटी बिरजूनं पाना लावला. झाकण ढिलं होताच शिट्टी वाजवत हवा बाहेर आली आणि खालचे ठोके वेड्यासारखे घाईघाईनं पडू लागले.

"आवळ ते आधी," रामाजी म्हणाले. झाकण आवळलं तसे ठोके संथ झाले.

त्यांनी बिरजूला बाजूला घेतलं.

"याआधी कोणतं झाकण उघडलं होतंस?"

"सायबाच्या नळीचं, जी. सकाळी. त्याइले हवा भेटन म्हणून."

"मग?"

"आतून अशी हवा आली का माही टोपीच उडाली. मंग एकदम बंद झाली."

"तू बंद केलीस?"

"नाई जी. मी हातबी नाई लावलो."

रामाजींनी गुणवंतरावांच्या रिकाम्या बोगद्यात दोन माणसं पाठवली. रुखमेला सांगितलं, "बाई, हे झाकण धरून बस. मी सांगेपर्यंत कोणालाही हात लावू देऊ नको." नवरा खाली गुदमरत असताना आपणच झाकण धरून बसायचं, हे तिच्या जिवाला कसं पटावं? तरी ती बसली.

माणसं परतली ती चिखलानं माखलेला कोट घेऊन. नळीच्या खालच्या तोंडात तो गच्च कोंबलेला होता.

"तुमचाच ना, गुणवंतराव?"

गुणवंतरावांनी कोटाकडे पाहून मान फिरवली.

"सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट दाबा आणि दट्ट्या रेटा," रामाजी म्हणाले. "जागा कमी होते तसा आतल्या हवेचा जोर वाढतो. मग दट्ट्या पुढे सरकतच नाही. बॉइलचा हा नियम पाठ होईना म्हणून मास्तरांनी मला बडवलं होतं. इथं पाणी म्हणजे दट्ट्या. कोंडलेली हवा त्याला अडवून धरते. बिरजूनं तुमचं झाकण उघडलं, हवा सुटली, पाणी तुमच्या अंगावर चढलं. तुम्ही शिकलेले, लगेच ओळखलंत आणि कोट कोंबलात. स्वतःसाठी बुजवलेलं भोक बुधूसाठी उघडायला का निघालात?"

गुणवंतरावांनी घोंगडी आणखी ओढून घेतली.

"भिंत तुम्ही पोखरायला लावलीत. बुधू वर आला तर नाव तुमचंच घेईल."

"जास्त कोळसा काढा म्हणून वरून रेटा होता," ते पुटपुटले. शिपायानं त्यांना उठवलं.

संध्याकाळी पलीकडचंही पाणी उतरलं. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून बुधू खाणीच्या तोंडाशी आला, काळाठिक्कर, डोळे मिचकावत.

"रुखमा कुठी हाये?"

तेव्हा कुठे सगळ्यांना तिची आठवण झाली. बुधूची नळी होती त्या टेकाडापलीकडे रामाजी धावले. ती अजून तशीच झाकण धरून बसली होती. रडून रडून डोळे सुजले होते, पण हात सुटले नव्हते.

"ठोके कवाचे बंद झाले, सायेब," ती म्हणाली. "आता सोडू का?"

"सोड, बाई," रामाजी म्हणाले. "तो वर आलाय. तुलाच विचारतोय."