तलाव पेठेचं पाणी

कारखान्यातून आल्या आल्या निखिल चौगुलेनं ओट्यावरचा तांब्या उचलला आणि तोंडाला लावला. दोन घोट जातायत न जातायत तोच त्याची बायको ऋतुजा आतून धावत आली.

"अहो, ठेवा तो! आर्वीचा हाय!"

तिसरा घोट निखिलच्या घशातच अडकला. तांब्या खाली ठेवत तो म्हणाला, "स्वतःच्या घरात पाणी प्यायची चोरी झाली बघ मला."

"तुमचं-माझं माठात हाय. किती वेळा सांगायचं?"

कोपऱ्यात बसलेली आठ वर्षांची आर्वी दोघांकडे बघत होती. एरवी ती खुदकन हसली असती. पण हल्ली आवाज होईल असं ती काहीच करत नसे.

चौगुल्यांच्या घरात दोन प्रकारचं पाणी होतं. एक नळाला येणारं, नदीचं. ते निखिल आणि ऋतुजासाठी, भांडी-धुण्यासाठी. दुसरं तलाव पेठेतलं, तळ्याचं. ते फक्त आर्वीसाठी. रोज सकाळी ऋतुजा बिनड्रायव्हरच्या बसनं भोगापूरच्या दुसऱ्या टोकाला नणंदेकडे जायची आणि तिच्या नळाचे दोन कॅन भरून आणायची. आर्वीचा भात त्याच पाण्यात, आमटी त्याच पाण्याची, भाकरीचं पीठ त्याच पाण्यानं मळलेलं. शेजारच्या वाढदिवसाला कुणी सरबत पुढं केलं तर मान हलवून नको म्हणायचं, हे पोरीला पढवून ठेवलेलं होतं. वन्सं तशा मायाळू, पण जिभेला हाड नाही. "ऋतुजा, तळं आटलं तर पेपरात तुझंच नाव येणार बघ," असं त्या म्हणायच्या आणि स्वतःच नळ सोडून द्यायच्या.

हा सगळा खटाटोप जलखुणेसाठी होता. भोगापूर महापालिकेनं शाळांच्या हद्दी ठरवून दिल्याला बरीच वर्षं झाली होती. ज्या हद्दीत घर, त्याच हद्दीतली शाळा. पण लोक ते लोकच. भाडेकरार खोटे, वीजबिलं उसनी, मामाच्या दारावर भाच्यांच्या पाट्या. तलाव पेठेतल्या एकेका खोलीत कागदोपत्री अख्खी गल्ली राहत होती. शेवटी महापालिकेनं कागद बघणंच सोडलं आणि केस बघायला सुरुवात केली. आपण जे पाणी पितो त्याचा अंश केसांत उतरतो. पाणी दिसायला सगळं सारखंच, पण त्यातले काही कण किंचित जड असतात. नदीच्या पाण्यात ते कमी, तळ्याच्या पाण्यात जास्त. मानेवरची एक बट कापून यंत्रात घातली की गेले काही महिने पोर कुठल्या नळाचं पाणी पीत होतं, ते यंत्र बिनचूक सांगतं. केसांतल्या या खुणेला जलखूण म्हणत. तिच्यापुढं कुणाची वशिलेबाजी चालत नाही, असं महापालिका अभिमानानं सांगायची, आणि ते खरंही होतं.

आता ऋतुजाला तलाव पेठेचीच शाळा का हवी होती, तेही सांगायला हवं. तिच्या हद्दीतल्या शाळेत शिक्षक उरले नव्हते. प्रत्येक वर्गात एक बोलका फळा होता. तो गोड आवाजात प्रश्न विचारायचा आणि पोरांनी तोंडी उत्तरं द्यायची. आर्वी लहानपणापासून अडखळत बोलायची. पहिलं अक्षर निघायला तिला वेळ लागे, आणि फळ्याला तेवढा दम नव्हता. तो म्हणायचा, "ऐकू आलं नाही. पुन्हा सांग." तिनं पुन्हा सुरुवात केली की पुन्हा तेच. तितक्याच गोडीनं, न रागावता, दिवसभर. रागावणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं, या फळ्याशी कोण भांडणार? मग पोरांनी ते उचललं. आर्वी गल्लीत दिसली की सगळे एका सुरात ओरडायचे, "पुन्हा सांग!" दिवाळीच्या आधी केव्हातरी आर्वीनं बोलणं बंद केलं. आधी शाळेत, मग गल्लीत, मग घरातसुद्धा. भूक लागली तर ताट आणून ठेवायची, झोप आली तर आईचा पदर ओढायची. रात्री झोपेत तरी काही बोलेल म्हणून ऋतुजा कान देऊन पडून राहायची.

ती बोलली एकदाच, तलाव पेठेच्या शाळेत. वन्संच्या मुलीला आणायला दोघी गेल्या होत्या. तिथं अजून हाडामांसाच्या बाई होत्या. एका पोरीच्या वेणीला रिबीन बांधता बांधता त्यांनी आर्वीला नाव विचारलं आणि त्या रिबीन बांधत राहिल्या. त्यांनी घाई केली नाही, उत्तर सुचवलं नाही. रिबीन बांधून झाली, सोडून पुन्हा नीट बांधली, आणि तेवढ्यात आर्वीनं आपलं नाव सांगितलं. ऋतुजा फाटकाशी उभी होती. तिला रडू आवरेना.

त्याच संध्याकाळी तिनं फोनवर हद्दीबाहेरच्या शाळेसाठी अर्ज केला. सरळ, खरा अर्ज. त्यात कारण निवडायचं होतं: मोठं भावंड त्या शाळेत आहे, पालक तिथं नोकरीला आहेत, घर बदललं आहे. पोरगी मुकी होत चालली आहे, हे कारण त्यात नव्हतं. तिनं 'इतर' निवडून सगळं मनापासून लिहिलं. गॅसवरचं दूध उतू जायच्या आत नकार आला. तेव्हा मात्र तिनं ठरवलं की सरळ मार्ग गेला खड्ड्यात. वन्संचा पत्ता लावून तिनं 'घर बदललं आहे' म्हणून तलाव पेठेची रहिवासी असल्याचा नवा अर्ज भरला आणि दुसऱ्या दिवसापासून कॅन उचलले.

तळ्याचं पाणी पोरीला बाधू नये याचीही ती काळजी घ्यायची. आर्वीचं पोट नाजूक. ती तान्ही असताना वैद्यांनी सांगितलं होतं की पाणी सुंठ टाकून उकळायचं आणि निम्म्यावर आणायचं. ऋतुजानं ते कधी चुकवलं नव्हतं. घरी आलं की आधी पातेलं गॅसवर चढायचं आणि स्वयंपाकघर वाफेनं भरून जायचं. कॅनमधलं निम्मं पाणी छताला लागतंय हे बघून तिचा जीव तुटायचा, पण पोरीच्या बाबतीत काटकसर तिला जमत नव्हती.

उन्हाळ्यात महापालिकेनं आर्वीची बट कापून नेली. निकाल आला तेव्हा ऋतुजा बसमध्ये होती. कॅन पायांत धरून तिनं फोन बघितला. 'अर्जदार भोगापूर शहराची रहिवासी आढळत नाही. शहरातील कोणत्याही शाळेवर तिचा हक्क राहत नाही.'

तिनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. तलाव पेठ नाही म्हटलं असतं तर ती समजली असती. पण हे भलतंच. तिच्या हद्दीतल्या शाळेनंही त्याच दिवशी आर्वीचं नाव पटावरून काढलं. नको असलेला फळाही गेला. घरी निखिल कपाळाला हात लावून बसला. "सोन्यासारखी शाळा नव्हती, पण शाळा तरी होती. आता काय करायचं गं?" तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दाद मागायला ती आर्वीला घेऊन महापालिकेत गेली. आतली सुनावणी संपायची वाट बघत दोघी बाकावर बसल्या. दार उघडलं आणि एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन बाहेर आली. तिनं ऋतुजाकडे बघितलं, पण तिचं लक्ष कुठंच नव्हतं.

आत जलखूण विभागाच्या डॉ. मुतालिक होत्या. पन्नाशीच्या, थकलेल्या, आवाजानं सौम्य.

"तुमच्या मुलीच्या केसांतलं पाणी नदीचं नाही," त्या म्हणाल्या. "तळ्याचंही नाही. तळ्याहूनही जड आहे. असं पाणी आपल्याकडे कुठल्याच नळाला येत नाही. खरं सांगा, कुठून आलात?"

"इथलीच हाय ओ मी. भोगापुरातच जन्मले."

"मग हे कसं?" त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा. तळं उन्हात आटतं तेव्हा हलके कण आधी वाफ होऊन उडतात, जड मागे राहतात. म्हणून तळ्याचं पाणी नदीपेक्षा जड. त्याच्याहून जड म्हणजे कुठंतरी त्याहून जास्त आटलेलं पाणी. वाळवंटातलं म्हणा." त्या थांबल्या. "घरी पाणी कसं पिता? शुद्धीकरण यंत्र आहे?"

"यंत्र कुठलं? उकळून देते."

"उकळून म्हणजे, एक उकळी?"

"न्हाई ओ. निम्मं होईस्तोवर. वैद्यांनी सांगितलंय."

डॉक्टरांचा हात जागीच थांबला. मग त्यांनी घाईनं काही आकडे घातले. पडद्यावरचा लाल ठिपका सरकत सरकत तळ्यावर येऊन बसला.

"तलाव पेठ," त्या हळूच म्हणाल्या. "एकदा तळ्यात आटलं, एकदा तुमच्या पातेल्यात. चाचणी बसवली तेव्हा घरोघरी यंत्रं असतील असं आम्ही धरून चाललो होतो. निम्म्यावर आटवणारं कुणी असेल, हे आमच्या डोक्यातच आलं नाही."

ऋतुजाच्या मनात लख्ख उजेड पडला. म्हणजे घरच्याच नळाचं, नदीचं पाणी जरा आटवून दिलं असतं तर ते तळ्याचं ठरलं असतं की काय? एवढे कॅन, एवढी खांदेदुखी! हसावं की रडावं तिला कळेना.

"तुम्ही तलाव पेठेतच राहता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय."

"तू सांग गं बाळा. तळ्याजवळ राहतेस?"

आर्वीनं आईकडे बघितलं आणि हो म्हणून मान डोलावली. पोरीला खोटं बोलायला लावलं, तेही न बोलता, हे ऋतुजाच्या काळजात रुतलं.

"ठीक आहे. एवढं एक प्रकरण माझ्या अधिकारात मंजूर करते. तलाव पेठेची शाळा." डॉक्टरांनी दाराकडे बघितलं, ती आधीची बाई गेली होती तिकडे, आणि नजर काढून घेतली. "पण एक सांगते. उकळल्यामुळे नाव गेलं असं सांगत दुसरं कुणी आलं, तर मला सगळी चाचणी थांबवावी लागेल. मग ज्यांच्याकडे पाणी उकळतात त्या प्रत्येक घरी माणूस जाईल आणि नळाचं पाणी तपासेल. कागदावरच्या पत्त्यावर नाही, पोर रात्री झोपतं त्या घरी. तुमच्याही. मी आपणहून कुणाला शोधायला जाणार नाही. समजलं?"

ऋतुजाला पुरतं समजलं. माणूस घरी आला की नळाला नदी निघणार.

दोघी बाहेर आल्या. ती आधीची बाई अजून गेली नव्हती, बाकावर बसली होती, उठायचं बळ नसल्यासारखी. तिची मुलगी गुडघ्यांत तोंड घालून बसली होती. थर्मासमधून तिच्यासाठी पाणी ओतत बाई म्हणाली, "ताई, तुमचं झालं का?"

"झालं."

"माझं न्हाई झालं बघा. निलोफर मुजावर म्हणा तलाव पेठेत, कुणीबी घर दाखवील. माझ्या आजेसासऱ्यानं बांधलेलं घर हाय तळ्याकाठी. आणि ह्या म्हणत्यात, तुम्ही ह्या गावच्याच न्हाई. माझ्या अल्फियाला आता कुठलीच शाळा न्हाई." तिनं झाकण पोरीपुढं धरलं. "घे गं. गरम हाय, फुंकून पी."

झाकणातून वाफ निघत होती. ऋतुजानं ती बघितली आणि आर्वीचा हात घट्ट धरला. हिच्याही घरी पातेलं चढत होतं.

"पोरीला कावीळ झालेली," निलोफर म्हणाली. "तवापासून जपायचं म्हणून..." ती थांबली. "तुम्ही काय सांगितलंसा आत? मलाबी सांगा की ताई. मी परत जाते, पाया पडते त्यांच्या."

"काय न्हाई ओ," ऋतुजा म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "नशीब म्हणायचं. चल, आर्वी."

तिनं हात ओढला. आर्वी हलली नाही. ती गुडघ्यांत तोंड घातलेल्या अल्फियाकडे बघत होती. आत बोललेलं सगळं तिनं ऐकलं होतं, आणि ती काही बावळट नव्हती. ओठ घट्ट मिटले, उघडले. मान ताठ झाली. गळ्याची शीर फुगली.

"पा..." आर्वी म्हणाली. "पा... पा..."

ऋतुजा जागच्या जागी थिजली. दिवाळीच्या आधीपासून याच आवाजासाठी ती देवाला हात जोडत होती. आणि आता तो आला तर अख्खी शाळा घेऊन बुडणार होता. तिचा हात आपोआप वर आला आणि लेकीच्या चेहऱ्याजवळ येऊन थबकला.

निलोफरनं थर्मास खाली ठेवला. एवढी खचलेली बाई, पण तिनं घाई केली नाही, पुढचा शब्द सुचवला नाही. आर्वीच्या डोळ्यांत बघत ती नुसती थांबून राहिली.

"पा... पाणी उ... उ..."

आणखी एक शब्द, की संपलं. हा हात लेकीच्या तोंडावर ठेवायचा, की तिच्या पाठीवर?