कढीपत्त्यावरची हळद

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी आश्लेषा एडिसन गावातल्या घराच्या बेसमेंटमध्ये उतरली ती कढीपत्त्याची कुंडी बाहेर टाकायला. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून हौसेनं आणलेलं रोप थंडीत पार वाळलं होतं. सकाळीच तिचा नवरा उल्हास म्हणाला होता, "टाकून दे यार. मला बघवत नाही."

नोव्हेंबरात नागपूरला त्याची आई गेली. व्हिसाचे कागद अडकलेले. गेला असता तर परत येणं कठीण. तो गेला नाही. रडलाही नाही. दर रविवारी फोनवर आई विचारायची, "कढीपत्ता जगला का रे?" आई गेल्यावर त्यानं रोपाला पाणी घालणंच सोडलं.

आश्लेषाला झाडांचे फोटो काढायचा नाद होता, तेही अतिनील टॉर्चच्या उजेडात. एरवी न दिसणारे रंग त्यात पेटून उठतात; जिवंत हिरवं रक्तासारखं लाल दिसतं. बेसमेंटला खिडकी नव्हती, भर दुपारीही मिट्ट काळोख. जाता जाता एक फोटो घ्यावा म्हणून तिनं ट्रायपॉड लावला, दिवा घालवला. कोपऱ्यातला हीटर घुरघुरला आणि थांबला. त्या शांततेत एक वास आला. ओल्या हळदीचा.

तिनं टॉर्च लावला.

वाळक्या खोडावर बोटांचे पिवळेधमक ठसे चमकत होते.

"उल्हास… जरा खाली ये ना…"

तो आला. "तू हळदीचा हात लावलास?"

"मी कित्येक दिवसांत इथे उतरलेच नाहीये. तू?"

तो उकिडवा बसला. अंगठा, तीन बोटं, आणि करंगळी… अर्धीच.

"विळीवर तुटली होती," तो पुटपुटला. "मी लहान होतो… आईची आहे ही."

"पण आई इथे कधी आल्याच नाहीत…"

"नाही."

ठसे खाली मातीपर्यंत गेले होते, रोप लावताना बुंधा दाबावा तसे. उल्हासनं भीत भीत तिथली माती सारली. खोडाला चिकटून तांदळाएवढा एक ठिपका लालभडक पेटला होता. कोंब.

तो तिथेच फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. बऱ्याच वेळानं नाक पुसत म्हणाला, "पाणी आण गं थोडं."

उन्हाळ्यात रोप पानांनी भरून गेलं. फोडणीसाठी पानं आता उल्हासच तोडतो, आईबद्दल बोलत बोलत.

फक्त एका फोटोबद्दल दोघं बोलत नाहीत. त्या दुपारी टॉर्च लावायच्या आधी चुकून कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं होतं. तो फोटो नुसता काळा यायला हवा होता, कारण हळद आपली आपण चमकत नाही. पण त्यात ठसे लख्ख दिसतात. आणि खोडाची सावली कॅमेऱ्याच्या दिशेनं पडली आहे. म्हणजे उजेड पलीकडून, भिंतीच्या बाजूनं कुणीतरी धरला होता.