तारेचं दुसरं टोक

सलिलची आणि माझी ओळख आईच्या कुरडयांनी करून दिली. विठ्ठलवाडीच्या आमच्या गच्चीवर त्या वाळत घातल्या होत्या, मी राखण करत बसले होते, आणि आभाळातून एक पांढरं, फोमचं छोटं विमान गिरक्या घेत आलं ते थेट त्यांच्यातच शिरलं. मागोमाग जिन्यावरून धापा टाकत त्याचा मालक.

"सॉरी हां... पंख मोडला का?"

"कुरडया मोडल्यात. आधी त्यांचं विचारा."

तो हसला. गालावर फोमचा चुरा चिकटलेला होता. तो पुसावासा मला वाटला – झालं, तिथेच मी फसले.

नवा पंख कापायला त्याला जोडीला कुणीतरी हवं होतं. म्हटलं, मी येते. मी नवऱ्यामुलींच्या मेंद्या काढते, माझा हात हलत नाही.

मग कल्याणला, त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचे रविवार जायला लागले. मध्ये फोमचा ठोकळा, दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराचे सनमायकाचे साचे, साच्यांवर आकडे. एका चौकटीत ताणलेली, विजेवर तापलेली तार. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. दोघांनी एकदम आकडा म्हणायचा, एकदम पुढे सरकायचं. थांबायचं नाही, कारण तार जिथे रेंगाळते तिथे फोम वितळून खड्डा पडतो. दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे घामाने बट डोळ्यांवर आली तरी फुंकर मारून भागवायचं.

"चार..." "पाच..."

एकाच वेळी, दोघांच्या तोंडून एकच शब्द. मला त्याची चटक लागली होती. आमची विमानं मात्र नेहमी डावीकडे ओढायची. का, ते सलिलने कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय.

आणि एका रविवारी तो म्हणाला, "अक्षदा, मी मशीन बनवतोय. चार मोटर, एक बोर्ड. कॉम्प्युटर सांगेल तशी तार फिरणार. मग कुणी धरायला नको."

"कुणी म्हणजे मी?"

"अगं, म्हणजे... आपण दोघंही. प्रोग्रॅम मैथिली करणारे. कॉलेजची फ्रेंड."

मैथिली घोडबंदर रोडहून यायची. दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकली तरी हिच्या कुर्त्याची इस्त्री मोडायची नाही. लॅपटॉप उघडून ती "फीड रेट कमी कर" – म्हणजे तार हळू सरकव – म्हणायची, की सलिल डोलत उठायचा. मी इतके दिवस "जरा पंखा लाव रे" म्हणत होते, तेव्हा नाही उठला! दोघं स्क्रीनवर डोकं घालून बसायचे आणि मी स्टुलावर बसून फोमचे तुकडे चिमटीने कुरतडायचे.

मी जळत होते. उगाच आडपडदा कशाला? मैथिलीवर जळत होते, आणि त्या चार मोटरींवरही. तारेचं दुसरं टोक माझं होतं. ते मला हवं होतं, आणि पहिल्या टोकाला उभा असलेला माणूसही हवा होता.

पहिल्या कापणीला मुळीच जायचं नाही, असं ठरवलं. आणि गेले. नवा ड्रेस घालून गेले.

"आलीस!" सलिल म्हणाला.

"बघायला आले. माझ्याशिवाय कसं चालतं ते."

मैथिलीने बटण दाबलं. मोटरी गुणगुणल्या, दोन खांबांमधली तार आपली आपण फोममध्ये शिरली. आकडा म्हणायला कुणी नव्हतं. मी भिंतीकडे बघत राहिले.

"अरेच्चा!" मैथिली म्हणाली.

पंख निघाला होता. उजवं टोक सुरेख. डाव्या टोकाला, वरच्या बाजूला, एक खड्डा.

"तुझ्या प्रोग्रॅमची चूक," मी म्हटलं. फार बरं वाटलं.

"माझी नाही हां. साचे मापायचा ह्याला कंटाळा, म्हणून जुन्या पंखाच्या दोन्ही टोकांचे फोटो पाठवलेले ह्याने. मी जसंच्या तसं गिरवलं." तिने कोपऱ्यातले आमचे जुने पंख उचलले आणि एकेकाला साचा लावून बघितला. "सगळ्यांना तिथेच खड्डा! हे उजवं टोक कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

"मस्त हात आहे तुझा. मग डावं सलिलचं. काय रे, ह्या सातच्या आकड्यावर तू दर वेळी थांबतोस का?"

सलिल कानापर्यंत लाल झाला.

"सात आला की..." तो फोमकडे बघत म्हणाला, "ही बट फुंकते."

माझी बट नेमकी तेव्हाच डोळ्यांवर आली, आणि तिचं काय करावं ते मला कळेना.

"मग मशीन कशाला बनवलंस?" माझा आवाज चिरकला. "मला घालवायला?"

"वेडी आहेस का? हात अडकलेले असले की नीट बघता येत नाही गं... आणि बघितलं की पंख वाया जातो. म्हटलं, कापायचं ते मशीन कापेल. मी आपला..." तो अडखळला. "मला तू आवडतेस, अक्षदा. विमान पडलं त्या दिवसापासून."

मी पुढे झाले आणि त्याच्या गालावर आजही चिकटलेला चुरा पुसला. कुरडयांच्या दिवसापासून राहून गेलेलं काम होतं ते.

"एवढ्यासाठी मी घोडबंदरचं ट्रॅफिक झेललं!" मैथिली कपाळावर हात मारून हसायला लागली. हसताना ती मला पहिल्यांदाच आवडली. "बरं, खड्डा काढून टाकू ना? विमान सरळ उडेल."

"नको!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.